खोलीचं डोहाळजेवण

तुमच्या गावात बाळंतिणीची खोली कुठे आहे, सांगता येईल? देऊळ कुठे आहे ते तुम्ही झोपेतही सांगाल. पुढाऱ्याचा बंगला, पानाची टपरी, देशी दारूचं दुकान, सगळं सांगाल. पण गावातल्या एखाद्या बाईला कळा सुरू झाल्या तर तिला कोणत्या दारात न्यायचं, त्या दाराला कुलूप आहे की मुळात दारच नाही, आत पाणी येतं की नाही, हे ठाऊक आहे? नसेल तर तुमचं नशीब चांगलं म्हणायचं, कारण तुमची आणि आमच्या पडेगावच्या आत्याची गाठ पडलेली नाही. तिनं तुम्हाला भर रस्त्यात थांबवून हाच प्रश्न विचारला असता, आणि उत्तर येत नाही असं दिसल्यावर हाताला धरून ती खोली दाखवायला नेलं असतं. मग तुमची एस.टी. चुकली तरी तिला त्याचं काही नाही. आमच्या आत्याला भर सभेत गप्प बसवू शकेल असा माणूस मराठवाड्यात अजून जन्माला यायचा आहे; आणि येईल तेव्हा त्याचं पहिलं वजन आत्याच करणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न होऊन ती पडेगावात आली. दौलताबादकडे जाणाऱ्या रस्त्याला लागूनच तिचं घर, आणि त्याच रस्त्यानं पुढे गेलं की एका फाट्यावरून आत तिचं माहेर, म्हणजे आमचं गाव. उंच, हाडापेरानं मजबूत, कपाळावर ठसठशीत कुंकू, सुती पातळ, आणि खांद्याला काळी पर्स. आवाज असा, की तिनं अंगणातून हाक मारली तर छावणीतल्या कवायतीची पावलं चुकतात, असं तिचे यजमान म्हणत. हे आमचे मामा वीज मंडळात वायरमन होते आणि आयुष्यात फार थोडं बोलले. घरातला सगळा आवाज एकाच माणसाच्या वाट्याला गेला होता, त्याला त्यांचा इलाज नव्हता. आत्या सभेला गेली की मामा बाहेर स्कूटर सुरू ठेवून उभे राहत. आतून गलका ऐकू आला की ते गिअर टाकत.

आणि गलका व्हायचाच, कारण आत्या कोणत्याही सभेला जायची. कोणत्याही म्हणजे कोणत्याही. क्रिकेटच्या सामन्यांचा बक्षीस समारंभ असो, वाचनालयाचा वर्धापनदिन असो, वधूवर मेळावा असो. पाहुण्यांचं भाषण संपलं आणि सूत्रसंचालकानं सवयीनं "कुणाला काही विचारायचं असल्यास" एवढं म्हटलं, की मागच्या रांगेतून आत्या उभी राहायची. "आमच्या गावच्या बाळंतिणीच्या खोलीचं काय झालं?" पाहुणे गोंधळायचे. फलंदाजी आणि बाळंतपण यांचा संबंध त्यांना लागायचा नाही. एकदा एका प्राध्यापकांचं दौलताबादच्या किल्ल्यावर व्याख्यान होतं. त्यांनी किल्ल्यातला हौद, खापराचे नळ, डोंगरावरून खेळवलेलं पाणी यांचं मोठं रसाळ वर्णन केलं. टाळ्या थांबायच्या आत आत्या उभी. "सर, लई छान सांगितलं. किल्ल्याला तवा पाणी व्हतं. आमच्या खोलीला आज नाय. आता ह्याच्यावर बोला." प्राध्यापक सज्जन होते. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाई, माझा विषय मध्ययुगीन आहे." आत्या म्हणाली, "माझाबी तोच हाय."

पडेगावच्या नाक्यावरचे रिक्षावाले चाचा तिला फुफी, म्हणजे आत्याच, म्हणत. तिला चपला घालताना पाहिलं, की ते विचारायचे, "फुफी, आज किसकी बारी है?" आत्या सांगायची, "आज आमदाराची." चाचा आकाशाकडे बघून म्हणायचे, "या अल्लाह, रहम कर बिचारे पर," आणि तिला सभेच्या दारापर्यंत सोडून, मामांच्या स्कूटरशेजारी रिक्षा लावून, पुढचा तमाशा बघायला थांबायचे.

त्या काळ्या पर्समध्ये काय असायचं, हा आमच्या लहानपणीचा थरारक विषय होता. त्यात एक ताणकाटा असायचा आणि मऊ धोतराची एक झोळी. बाजारात मेथी घेताना, लग्नाच्या पंगतीत, एस.टी. स्टँडवर पैठणच्या गाडीची वाट बघताना, कुठेही तान्हं मूल दिसलं की आत्या आईला विचारायची, "वजन केलं का?" आणि उत्तराची वाट न बघता झोळी बाहेर काढायची. मूल काट्याला लोंबकळायचं, आई घाबरायची, आजूबाजूला माणसं जमायची, आणि काटा अडीच किलोच्या पुढे गेला की आत्या असा जयजयकार करायची, जणू कुणी निवडून आलंय. काटा अलीकडेच थांबला, तर मात्र ती आईला काही बोलायची नाही. तिच्या सासूला शोधायची. "बाळंतिणीला वरण कमी घालता, व्हय? अन् तुमचा ल्योक किती भाकरी खातो?"

लग्नात आत्याचा आहेर ठरलेला. लोखंडी कढई, नव्या सुनेच्या अंगात रक्त वाढावं म्हणून. नुसती देऊन ती खाली उतरायची नाही. स्टेजवर नवरदेवाचा हात घट्ट धरायची आणि म्हणायची, "दिवस गेले की पहिल्या महिन्यातच दवाखान्यात नाव घालायचं. काय करायचं? म्हणून दाखवा." आमच्या भावकीतल्या यच्चयावत लग्नाच्या अल्बममध्ये एक फोटो सारखा आहे: नवरी खाली बघतेय, आत्याच्या हातात कढई आहे, आणि नवरदेव शाळेत पाढा म्हणत असावा तसा तोंड उघडून उभा आहे.

माझं आणि तिचं सख्य जमलं ते छापखान्यात. आम्ही शहरात, पुंडलिकनगरात राहायचो आणि घराला लागूनच वडिलांचा खिळे जुळवायचा लहानसा छापखाना होता. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि पत्रकांवर वडील जगायचे. विद्यार्थ्यांची, कामगारांची, पाण्याची, विकासाची, कुणाचीही चळवळ असो, पत्रक आमच्याकडेच छापलं जायचं. इतरांच्या पाळण्यावर चिमण्या टांगतात; माझ्या पाळण्यावरच्या दोरीवर कुठल्या तरी मोर्च्याची पत्रकं वाळत असत. मी अक्षरं शिकले ती 'जाहीर निषेध' या शब्दांवरून. त्यामुळे कॉलेजात गेल्यावर आत्यानं "आमच्या खोलीचं एक पत्रक लिही" म्हटलं, तेव्हा मी सगळा दारूगोळा बाहेर काढला. 'प्रस्थापित व्यवस्थेच्या अमानुष अनास्थेविरुद्ध एल्गार' असा मथळा दिला आणि वाचून दाखवला.

आत्यानं शांतपणे ऐकलं. "एल्गार म्हंजी काय गं?"

मी सांगितलं.

"सुनेला कळंल?"

"कळेल की."

"सासूला?"

मी मथळा पुन्हा वाचला.

"मंग काढ. खोली सासूला पायजे व्हायला. सुनेला तर पायजेच हाय."

मग अनास्था गेली, अमानुष गेलं, व्यवस्था गेली. शेवटी मोठ्या टायपात राहिलं एवढंच: 'आपल्या गावात बाळंतिणीची खोली पाहिजे. तिला पाणी पाहिजे. तिला दार पाहिजे.' मला वाटलं, हे काय पत्रक झालं? वडील मात्र खिळे जुळवता जुळवता म्हणाले, "एवढं चांगलं पत्रक या छापखान्यातून आजवर निघालं नाही." ते वाटायची आत्याची पद्धतही तिची तीच. रस्त्यात दिलेलं पत्रक माणूस चार पावलांवर टाकतो, हे तिनं पाहिलं होतं. म्हणून ती डिंकाचे लाडू वळायची आणि एकेक लाडू एकेका पत्रकात बांधून द्यायची. "लाडू कुणी फेकत नाय. अन् खाता खाता माणूस कागद वाचतोच, दुसरं बघायला काय असतं?" माझे क्रांतिकारक मित्र हसले. पण साऱ्या पंचक्रोशीत तोंडपाठ झालेलं पत्रक तेवढं एकच. त्याला तुपाचा वास यायचा.

आत्या एवढी या एका खोलीच्या मागे का लागली होती, ते ती हसत सांगायची. तिचा जन्म पुलिस ॲक्शनच्या ऐन तोंडावरचा. रझाकारांच्या भीतीनं गाव रानात पांगलं होतं आणि माझी आजी उभ्या बाजरीत बाळंत झाली. "मी जन्मले निजामाच्या राज्यात न् रांगले आपल्या राज्यात," हे आत्याचं लाडकं वाक्य. आजी तिला म्हणायची, तेव्हा मागायचं तरी कुणाकडं? आता आपलं राज्य आलं, आता दाराशी दवाखाना येईल. पण पुढे आत्या माहेरी पहिलटकरीण म्हणून आली, तेव्हा बाजरीच्या जागी गोठ्याशेजारची अंधारी खोली मिळाली, एवढाच फरक. त्या खोलीतून आपण सुखरूप बाहेर आलो, याचं तिला कौतुक नव्हतं. तिला राग होता. "वाचले, ते नशिबानं. वाचणं नशिबावर कामून? राज्य आपलं हाय ना?" एवढ्यात सगळं राजकारण आलं, असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं.

शहाणी माणसं तिला विचारत, "अहो, शहरात एवढा मोठा सरकारी दवाखाना असताना मुली बाळंतपणाला खेड्यात येतातच कशाला?" प्रश्न बिनतोड वाटायचा. पण पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. शहरात दिलेली, पैठणला दिलेली मुलगी सातव्या महिन्यात ओटी भरून घ्यायची आणि दवाखान्यापासून लांब, फाट्याच्या आत, आईकडे यायची. आत्या उत्तर द्यायची, "पोरीला आई पायजे का नको? मंग माहेर बंद करायचं का दवाखाना उघडायचा, ते सांगा. बाई जिथं जाती, तिथं सरकारनं जावं. पोट घिऊन बाईनं सरकारला हुडकायचं, ही कोणती रीत?"

सरकार अगदीच आलं नव्हतं असं नाही. गावाला नर्सबाई मिळाल्या होत्या, मोठ्या धिम्या आणि हुशार. पण त्यांना बसायला जागा नव्हती, म्हणून त्या मारुतीच्या पारावर बसून पोरांना डोस पाजायच्या. खोलीही मंजूर झाली होती. नारळ फुटला, भाषणं झाली, भिंती दारापर्यंत चढल्या आणि तिथंच थांबल्या. काम घेतलं होतं गावातल्याच गुत्तेदारानं. पुण्यामुंबईकडे ज्याला कंत्राटदार म्हणतात तो. माणूस वाईट नव्हता. तो म्हणायचा, वरून बिल निघाल्याशिवाय काम कसं करू? वरचे साहेब म्हणायचे, काम झाल्याशिवाय बिल कसं काढू? दोघांचंही म्हणणं बरोबर होतं आणि त्या दोन बरोबरांच्या मध्ये पावसाळ्यामागून पावसाळे त्या भिंतींवर गवत उगवत होतं. पत्रकं झाली, अर्ज झाले, सभा झाल्या. मग एके दिवशी आत्या छापखान्यात आली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "आता डोहाळजेवण करू."

"कुणाचं?"

"खोलीचं. एवढे दिवस भरले, बाळंत व्हईना. ओटी तरी भरू."

आमंत्रण तिनं साहेबांना दिलं नाही, साहेबांच्या बायकोला दिलं. घरी जाऊन हळदीकुंकू लावून सांगून आली, आमच्याकडं डोहाळजेवण हाय, सवाष्णीनं नाय म्हणू नये. आणि त्या बाई खरंच आल्या, पर्समध्ये ब्लाउजपीस आणि नारळ घेऊन, सरकारी जीपमधून उतरल्या. समोर बायकांची ही गर्दी. अर्धवट भिंतींभोवती हिरवंगार पातळ नेसवलेलं, परांचीच्या बांबूंना हिरव्या बांगड्या भरलेल्या, वर आलेल्या गंजक्या सळ्यांना मोगऱ्याच्या वेण्या. म्हाताऱ्या बायका डोहाळ्याची गाणी म्हणतायत. एका आजीनं तर मीठमिरच्या घेऊन भिंतींची दृष्ट काढली. "एवढे दिवस वर गेलेलं पोट म्या नाय बाई पाह्यलं," म्हणाली. त्या मिरच्यांच्या धुरानं सगळ्यांना ठसका लागला.

साहेबांच्या बाई खोकत इकडेतिकडे बघत होत्या. "मुलगी कुठंय?"

आत्यानं भिंतीकडे बोट केलं. "ही काय, उभी हाय. लाजती जरा."

मग वाट्यांचा खेळ झाला. डोहाळजेवणात दोन झाकलेल्या वाट्या ठेवतात. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. आत्यानं वाट्या बाईंपुढे केल्या. "खोलीला काही हात नाय, तिच्यावतीनं तुमी उघडा. एकीत आश्वासन हाय, एकीत किल्ली." बाईंनी घाबरत एक वाटी उघडली. रिकामी.

"आश्वासन निघालं गं बायांनो!" आत्या ओरडली आणि सगळा माळ हसला. साहेबांच्या बाईंनाही हसू आलं. त्यांनी दुसरी वाटी उघडली. तीही रिकामी. आता हसू थांबलं. आत्या हळू आवाजात म्हणाली, आणि तिचा हळू आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, "किल्ली कुठून आणू, बाई? दारच नाय अजून."

बाईंनी पर्स उघडली. मग त्यांनी आणलेला ब्लाउजपीस, नारळ आणि तांदूळ जिथं उंबरा यायचा होता तिथं ठेवले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "मी आमच्या यांना विचारते."

"एकदा नका विचारू," आत्या म्हणाली. "रोज विचारा. जेवायला वाढताना विचारा."

त्या गर्दीतच गुत्तेदाराची मुलगी शोभा बसली होती. पैठणला दिलेली, पहिलटकरीण, आठवडाभरापूर्वीच माहेरी आलेली. बारीक अंगाची, पांढरट ओठांची. नर्सबाईंनी तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या होत्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली होती. रक्त कमी होतं. आत्यानं तिला जवळ बसवून खोलीच्या ओटीतलाच एक लाडू दिला.

"कितवा?"

"सातवा लागलाय."

आत्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा भिंतींकडे, आणि मग मागे बाभळीखाली उभ्या असलेल्या गुत्तेदाराकडे. "चला," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आता बघू आधी कोण बाळंत होतं. ही का ती."

बायका हसल्या. गुत्तेदार हसला नाही. आपलीच लेक, आपल्याच हातच्या अर्धवट भिंती, हे दोन हिशेब त्यानं तोवर एकाजागी मांडले नव्हते. आणि घरी गेल्यावर त्याच्या बायकोनं ते मांडले. सकाळचा चहा बंद झाला. "स्लॅब पडल्यावर चहा," एवढंच ती म्हणाली. तिकडे शहरात साहेबांच्या ताटाशीही प्रश्न सुरू झाले असावेत, कारण जे बिल पावसाळ्यांनी हललं नव्हतं ते हललं. आठवड्याभरात माळावर खडी पडली.

पुढचे दिवस गावानं श्वास रोखून काढले. सकाळी पारावर दोन बातम्या लागायच्या: शोभाचं कसंय आणि स्लॅबचं कसंय. स्लॅबला पाणी, शोभाला दूध. स्लॅबवर ओली पोती, शोभाला लोखंडाच्या गोळ्या. आत्या एक दिवसाआड मामांच्या स्कूटरवरून यायची, आधी भिंतीला हात लावून बघायची, मग शोभाच्या पापण्या. "रंग धरतोय," असं दोघींबद्दल सारखंच म्हणायची. नर्सबाईंनी बजावून ठेवलं होतं, की कळा लांबल्या तर शहरात न्यायला जीप फाट्यावर नको, गावात उभी पाहिजे. आत्यानं साहेबांच्या बाईंना निरोप धाडला आणि जीपचीही कबुली मिळवली. मी सुटीच्या दिवशी जायची. माझ्या झोळीत जाडजूड पुस्तकं असायची, ती तशीच परत यायची. गवंड्यांना पाणी देण्यात माझा दिवस जायचा.

आणि एका दुपारी, गिलावा अजून ओला असताना, दार पडेगावच्या सुताराकडे रंधा खात पडलेलं असताना, शोभाला कळा लागल्या. दिवस भरायला थोडा अवकाश होता. पण पोरीचं शरीर काही गुत्तेदाराच्या सोयीनं चालत नव्हतं. तिची आई रडवेली होऊन म्हणाली, घरातच करू, मागच्या खोलीत, आमचीबी तिथंच झाली. शोभा दाताखाली पदर धरून होती. तिनं तो सोडला आणि म्हणाली, "मला खोलीत न्या. माझ्यासाठी बांधली ना?"

मग जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. टाकीला नळ नव्हता, तर बायांनी विहिरीपासून खोलीपर्यंत रांग लावली आणि हातोहात कळशा पोचवल्या. चुली पेटल्या, पाणी उकळलं. मामांनी एक शब्द न बोलता खांबावरून वायर ओढली आणि आत दिवा लावला. दाराच्या रिकाम्या चौकटीला पडदा पाहिजे म्हणून आत्यानं डोहाळजेवणातलं ते हिरवं पातळ आणलं आणि स्वतःच्या हातानं बांधलं. आत नर्सबाई, शोभा आणि तिची आई. बाहेर आम्ही सगळे. शेजारीच जीप उभी, ड्रायव्हर उतरून तंबाखू मळतोय आणि मळतच राहिलाय. गुत्तेदार आपल्याच बांधलेल्या भिंतीला टेकून बसला होता. पाठीला ओला गिलावा लागलेला त्याला कळत नव्हता.

बराच वेळ गेला. मग आतून शोभाची एक मोठी किंकाळी आली आणि त्यानंतर काहीच आलं नाही.

बाळाचा आवाज नव्हता. नंतर कळलं, गळ्याभोवती नाळ होती. त्या वेळी एवढंच कळत होतं, की आत नर्सबाईंची लगबग चालू आहे आणि कुणी रडत नाही. मी आत्याकडे पाहिलं. साऱ्या जिल्ह्याच्या सभा जिनं उधळल्या, ती आत्या त्या हिरव्या पातळाचं टोक मुठीत धरून उभी होती आणि तिच्या तोंडून अक्षर फुटत नव्हतं. ओठ हलत होते, तेवढेच. आपल्याला वाटतं, अशा बाया आवाजावर जगतात. मी त्या दिवशी पाहिलं, की तो सगळा आवाज ती याच क्षणाच्या धास्तीनं आयुष्यभर करत आली होती.

आणि मग ते रडलं. आधी मांजराच्या पिलासारखं, मग चांगलं टेचात. मुलगी झाली होती. नर्सबाई पातळ बाजूला करून म्हणाल्या, "आत्या, तुमचा काटा आणा. इथं अजून आलेला नाही." आत्यानं पर्स उघडली, पण तिच्या हाताला झोळीची गाठ बसेना आणि काटा धरला तर डोळ्यांना आकडा दिसेना. शेवटी काटा गुत्तेदारानं धरला. वाकून, डोळे बारीक करून तो म्हणाला, "आत्याबाई, अडीचच्या पुढं हाय. रेघभर का व्हईना, पुढं हाय." आणि तो मोठा माणूस तिथंच उकिडवा बसून रडायला लागला.

आत्यानं नाक पुसलं आणि तिचा आवाज परत आला. "डायवर, साहेबांना सांगा, बाळबाळंतीण सुखरूप हाय. खोलीला मातर अजून दार नाय!"

दार आलं. नळ आला. पुढे बऱ्याच महिन्यांनी उद्घाटनालाही कुणी आलं, आणि जिथं तोवर कित्येक बाळं रडून गेली होती त्या खोलीची फीत कापली गेली. भाषण संपलं, सूत्रसंचालकाच्या तोंडून सवयीनं "कुणाला काही विचारायचं असल्यास" निघालं आणि त्याचा चेहरा पडला. मागच्या रांगेतून आत्या उभी राहिली होती. गाव हसायला तयार होतं. आता ही काय विचारणार? आत्यानं विचारलं, "दुसऱ्या नर्सबाईचं काय झालं? ह्या एकट्या किती दिस पुरतील?"

तो प्रश्न तेव्हा सगळ्यांनी हसण्यावारी नेला. आता कळतं, की तो तिच्या सगळ्या प्रश्नांत शहाणा प्रश्न होता. त्या नर्सबाई बदलून गेल्या. त्यांच्या जागी आल्या त्या थोडे दिवस राहिल्या आणि जागा रिकामी झाली ती झालीच. शोभाची मुलगी आता दोन वेण्या घालून शाळेत जाते आणि त्या हिरव्या पातळाची शोभानं तिला गोधडी शिवून दिलीय. पण शाळेच्या वाटेवर ती खोली लागते, आणि खोलीला कुलूप आहे. दार आहे, नळ आहे, मामांनी ओढलेली वायर आहे. गावातल्या लेकी अजूनही सातव्या महिन्यात माहेरी येतात. आणि पुन्हा मागच्या अंधाऱ्या खोल्या झाडल्या जाऊ लागल्यात.

आत्या पूर्वीसारखी असती तर त्या कुलपाचंही तिनं बारसं केलं असतं. पण मागच्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारले, आवाज गेला. बोलते, पण अगदी जवळ कान न्यावा लागतो. मामा आता तिच्याशेजारी बसतात आणि तिचं बोलणं आम्हाला मोठ्यानं सांगतात. इतक्या वर्षांत न बोललेले शब्द त्यांच्याकडे शिल्लक होतेच. चाचा रिक्षा थांबवून दारातूनच विचारतात, "फुफी, आज किसी की बारी नहीं?" ती हसते आणि माझ्याकडे बोट करते.

म्हणून मागच्या महिन्यात मी गेले. एका पतसंस्थेच्या नव्या इमारतीचा समारंभ होता. मागच्या रांगेत बसले. छापील निषेधावर वाढलेल्या मला उभं राहून विचारायची सवय नव्हती. तरी विचारलं. पाहुणे गोंधळले, लोक मागे वळून बघायला लागले आणि माझ्या लक्षात आलं, की बाहेर एक स्कूटर सुरूच आहे. मामा न सांगता आले होते. परत आल्यावर आत्यानं मला खूण करून जवळ बोलावलं. मी कान नेला. मला वाटलं, शाबासकी देईल. ती म्हणाली, "म्होरच्या रांगेला ऐकू गेलं का?"

बहुतेक गेलं नसावं, आत्या. एका आवाजाचं ते काम नाही.

तेव्हा वाचणाऱ्या तुम्हा सगळ्यांना एकच मागणं आहे. उद्या तुमच्या गावातली, वॉर्डातली ती खोली हुडकून काढा. कुलूप असेल तर हात लावून बघा. आणि पुढच्या ज्या कुठल्या सभेला जाल, मग ती क्रिकेटची असो की कवितेची, पाहुण्यांचं बोलणं संपलं की मागच्या रांगेतून उभे राहा आणि पुढच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारा: आमच्या बाळंतिणीच्या खोलीचं काय झालं?